चिमणाबाईची हजेरी

“मेलेल्या बाईच्या नावावर जेवतोस आणि वर डोळे वटारतोस?”

हेडकारकून गणपतरावांच्या या वाक्यासरशी कचेरीतले टाक थांबले. इलाहीच्या मुठीत टोपी चुरगळली.

“मेली न्हाय,” तो म्हणाला. “परवा एकादशीला कीर्तनात हुती. आकारामबुवांना इचारा.”

गणपतरावांना बेळगावाकडून कोल्हापुरात येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. जुन्या पेन्शनींची झाडाझडती हे त्यांचं पहिलंच काम. चोपडीत एकच ओळ होती : चिमणाबाई, चाकरी एक्केचाळीस वर्षे, दरमहा पंचवीस रुपये, हस्ते इलाही. हुद्द्याच्या रकान्यात वाळवीनं भोक पाडलं होतं.

“हवालदाराला पाच आणि या बाईला पंचवीस? करायची काय ही?”

“स्वारीबरोबर असायची. दसऱ्याला मानाची जागा हुती तिची. वाड्यातल्या बाळराजांनाबी तिनं खेळवलंय.”

“म्हणजे दाई.”

इलाहीनं चुरगळलेली टोपी झटकली. आख्खं गाव जिला ओळखतं, तिची ओळख काय करून द्यायची?

“हे बघ,” गणपतरावांनी आवाज उतरवला. “नवी योजना आलीय. दोन वर्षांची पेन्शन एकदम उचलायची आणि गिरणीच्या भागभांडवलात घालायची. वर्षाला नफा. दरबार मोकळा, तुम्हीही मोकळे. सही कर, पुढं मी काही विचारत नाही.”

“गिरणी बसली तर?”

“बसत नसते.”

“तुमी घातलं का पैसं?”

गणपतरावांनी दौतीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

“नफा वर्साला मिळणार,” इलाही म्हणाला. “भूक तिला रोज लागती, रावसाहेब. मरंस्तवर हिला उपाशी ठेवायचं न्हाय, असा वाड्यातनं शबूद मिळालाय. मी सही करायचा न्हाय.”

“मग तिला माझ्यासमोर उभी कर! उद्या दुपारी बाराच्या आत. समक्ष हजेरी आणि अंगठा. नाहीतर पेन्शन बंद आणि तुझ्यावर फिर्याद.”

“गुडघं धरल्यात तिचं. हितल्या पायऱ्या चढवणार न्हाईत.”

“खिडकीशी आण. एवढी मेहेरबानी करतो.”

“आणतो की. मागनं म्हणू नगासा, कशाला आणली.”

घरी हुसेनबी गुळाच्या पाण्यात भाकरी भिजवत बसली होती. चिमणाबाईचा शेवटचा दात गेल्या साली पडला, तेव्हापासून हे रोजचंच झालं होतं. नवऱ्याची हकिकत ऐकून तिचा हात पाण्यातच राहिला.

“अवो, शाहूवाडीचा ठेकेदार परत आलता. पेन्शन थांबली तर मला द्या म्हनतो. डोंगरात कामाला लावतो, राबंल, खाईल.”

“ह्या वयात?”

“त्याला वय दिसत न्हाय. नुसती हाडं दिसत्यात.”

इलाही परड्यात गेला. चिंचेखाली चिमणाबाई डोळे मिटून उभी होती. त्यानं करंजाचं तेल घेतलं आणि खाली बसून तिचे भेगाळलेले तळवे चोळायला लागला. मरताना त्याच्या बापानं घरादाराचं काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता, “चिमणाला जप.”

“जाऊ देत न्हाय तुला,” इलाही पुटपुटला. “कुणाच्या बापाला देत न्हाय.”

सांजच्याला आकारामबुवा आले. सगळं ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली.

“उद्या माझी टाळकरी मंडळी संगं येत्यात! अरे, आमच्या कीर्तनाला तिच्याइतकं जुनं कोण हाय? निरूपणात घोरणारी माणसं मी रोज बघतो. हिचा कधी डोळा लागत न्हाय. गजर थांबला तरी डुलत उभी ऱ्हाती. पांडुरंगाला ठावं हाय ती जित्ती हाय, आन् ह्या कारकुनाला दाखला पायजे!”

सकाळी हुसेनबीनं तिला पंचगंगेवर नेऊन अंघोळ घातली. बुवांनी कपाळाला बुक्का लावायला हात वर केला, तशी चिमणाबाईनं मान खाली केली. बुवांचे डोळे भरून आले. मग टाळ वाजले.

रस्ता लांब आणि चाल हळू. गुडघे कुरकुरत होते. दर वळणावर थांबावं लागत होतं. पण ती थांबली की दुकानातली माणसं खाली उतरत आणि पुढं चालली की मागोमाग निघत. भाजीवाल्या धोंडुबाईनं टोपलीतली केळी काढून तिला दिली.

“खा गं बाई. भांडायला बळ लागतंय.”

“कारकुनाला भिऊ नगंस!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

कचेरीपाशी पोचेतो दीडशे माणूस झालं होतं. विठ्ठलनामाचा गजर भिंतीवर आदळत होता. इलाही तिला घेऊन जोत्यावरच्या खिडकीखाली आला आणि पायऱ्या चढून आत गेला. गणपतराव कागदात नाक खुपसून बसले होते. खोलीत अंधारलं, तशी त्यांनी मान वर न करताच हात झटकला.

“खिडकीवरची गर्दी हटवा! काही दिसत नाही. आली का ती?”

“आली.”

“बंद कर आधी तो टाळांचा गोंगाट.”

“आधी लिवा, समक्ष पायली, जित्ती हाय. मग टाळ थांबत्याल.”

गणपतरावांनी दात खाल्ले. पण गजर चढतच होता. त्यांनी टाक बुडवला आणि मान खालीच ठेवून झरझर लिहिलं : समक्ष पाहिली, हयात आहे, पेन्शन चालू ठेवावी. खाली सही ठोकली, शिक्का मारला.

इलाहीनं शिक्का नीट उमटलाय याची खात्री केली. मग खिडकीतून बुवांना खूण केली. टाळ थांबले.

“आता अंगठा,” म्हणत गणपतरावांनी चोपडीतून नजर न काढताच शाईची गादी आणि कागद खिडकीच्या कट्ट्यावर सरकवला. “उजव्या हाताचा. नीट टेकवायला सांग तिला.”

“हाताचं काय जमायचं न्हाय, रावसाहेब,” इलाही म्हणाला. “सोंडेचा ठसा चालंल का?”