रिबकाची नवी पृथ्वी

दुष्काळात पारनेरकडं पाझर तलावाचं काम निघालं, आणि नेमका तेव्हाच बन्यामीन साळवे घरी बसला. एका फिरत्या ख्रिस्ती उपदेशकानं त्याला सांगितलं होतं, ही शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, प्रभूचं येणं जवळ आलंय.

बायको रिबका एकटीच तलावावर माती वाहायची. ती दमून घरी आली की हा ओट्यावरून म्हणायचा, "कशाला राबतीस? ही पृथ्वी जानार, नवी येनार."

एका संध्याकाळी तिनं पाटी त्याच्यासमोर आपटली.

"अवो, नवी म्हंजी काय? ही टाकून देनार का देव?"

बन्यामीन गडबडला. त्याच्या बापानं त्याला तसं शिकवलं नव्हतं. "टाकून न्हाई. हीच नवी करनार. मंग सोता मानसांत ऱ्हायाला येनार."

"कुटं? हितं? आपल्या गावात?"

"व्हय, हितंबी."

"म्हंजी त्यो आला की त्याचं पानीबी म्याच लांबून आनायचं!" रिबका ओरडली. "तुमी बसा ओट्यावर वाट बघत!"

रात्री बन्यामीनला जेवण गेलं नाही.

सकाळी तो तिच्या मागोमाग तलावावर आला. मुकादम हसला, "काय साळवे, जगबुडी ऱ्हायली का?"

बन्यामीननं टिकाव उचलला.

"न्हाई मुकादम. घरधनी ऱ्हायाला येतोय. त्याच्या आदी तळं झालं पायजे."