सदोष थर्मोस्टॅट

जर्मन इंजिन खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो विकणारा, हे श्रीनाथचं संशोधनाअंती बनलेलं मत होतं. जर्मनीत आखनला इंजिन थंड ठेवण्यावरच डॉक्टरेट केलेल्या माणसाची सेकंडहँड स्पोर्ट्स कार महिनाभर गरमच होईना. हीटरमधून गार वारा यायचा. बॉनेट न उघडता त्याने लॅपटॉपवर आलेख काढले, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट सदोष ठरवला, वकिलाची नोटीस धाडली आणि आज विक्रेत्याला त्याच्याच वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत चोर म्हटलं. विक्रेत्याने बॉनेट वर करून थर्मोस्टॅटच्या जागेचं झाकण उघडलं. “हेर डॉक्टर,” तो जर्मन अदबीने म्हणाला, “इथे थर्मोस्टॅटच नाही.” श्रीनाथला उन्हाळ्यात येऊन हौसेने गाडीवर हात फिरवून गेलेले सांगलीचे गॅरेजवाले सासरे आठवले. दातओठ खात फोन लावला. “अहो बाबा, गाडीतला थर्मोस्टॅट कुठंय?” “काढून टाकला की, जावईबापू! चाळीस वर्षं सगळ्यांचेच काढतोय. एकाची तरी गाडी तापली का?” बाहेर उणे अकरा होतं.