सगळ्यात चांगलं स्टोअर

सासरे, तोताराम आबा, लग्नांमध्ये अहिराणी गाणी म्हणायचे. त्यांचं रेकॉर्ड झालेलं एकुलतं एक गाणं ऑनलाइन विकायला आहे, दोन चहाच्या किमतीत. वर्षश्राद्धासाठी सासूबाईंनी एवढंच मागितलं, "माले त्यास्ना आवाज एकदाव ऐकाना शे."

माझा मेहुणा नवीन हा चोपड्याचा मोठा केळीवाला. महिनाभर तो मोबाईलवर गाण्यांची स्टोअर्सच तपासत बसला. शेवटी मी म्हटलं, "अरे, मी घेऊन देतो."

तर तडकलाच! "दाजी, बापाचं गाणं जावयाच्या पैशानं? चार लोक काय म्हणतील?"

मग आठवड्याने त्याचाच फोन आला. "सापडलं दाजी! सगळ्यात चांगलं स्टोअर!"

श्राद्धाला चार लोकांना दिसावीत म्हणून पाचशे पानं उठवली. बुंदीचा नुसता पूर आला होता. जेवणं चालू असतानाच नवीनने आबांच्या फोटोसमोर हा एवढा मोठा स्पीकर लावला. आबांचा आवाज मांडवभर घुमला आणि सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात आबा शब्द अर्धा तोडून गप्प झाले आणि कुणीतरी बाई गोड आवाजात म्हणाली, "पूर्ण गाणं ऐकण्यासाठी कृपया खरेदी करा."

सासूबाई स्पीकरकडे बघतच राहिल्या. नवीनचा चेहरा मात्र फुलला होता.



"बाकीची स्टोअर्स फुकटात पंधराच सेकंद ऐकवतात, दाजी. इथे पूर्ण अर्धं मिनिट! माय, परत लावू का?"