नावाआधी काय लावायचं

"काकू, नावाआधी काय लावू? सौ. की श्रीमती?" राजलक्ष्मीनं विचारलं आणि सारजाला वाटलं, आता हितंच फरशीवर बसकण मारावी.

छकुलीच्या लग्नपत्रिकेपायी निरवांगीहून बारामतीला ही तिसरी खेप. गणपतीचं चित्र पसंत करायला दोन मिनिटं लागली होती, घोडं अडलं होतं ते एका नावापाशी. छापखान्यातली राजलक्ष्मी पोरगी गुणाची, कॉम्प्युटरपुढं बसून तीच ओळ खोडत होती आणि तीच पुन्हा लिहीत होती. बाजूच्या बाकड्यावर नवरीचा बाप दत्तोबा गप बसला होता. सोळा वर्षं झाली, सारजा त्याच्या घरात नांदत होती. आई गेलेली आठ वर्षांची छकुली तिच्या हाताखाली चोवीस वर्षांची झाली. सगळं यथासांग झालं, फक्त ह्या दोघांच्या डोक्यावर अक्षता तेवढ्या पडल्या नाहीत.

"पहिल्यांदा सौ. टाकलं होतं की," राजलक्ष्मी म्हणाली.

"ते आबाजींनी खोडलं. ह्यांचं थोरलं बंधू. म्हणलं, सौ. कशी? लगीन कुठल्या मांडवात लागलं ते आमालाबी सांगा."

"मग श्रीमती करते."

"अगं बाई, नवरा गेलेलीला लावत्यात ते आमच्याकडं! हे धडधाकट पुढ्यात बसल्यात. ह्यांच्या जित्तेपणी मी श्रीमती कशी व्हऊ?"

राजलक्ष्मीला हसू आलं, पण काकूचं तोंड बघून तिनं ते आवरलं. मुलगी नव्या जमान्यातली. तिला वाटलं, घरातलाच एखादा शब्द सापडला तर काम भागेल.

"तुम्ही घरी काय म्हणता काकांना?"

"काय म्हणायचं? आवं म्हणती."

"आणि काका तुम्हाला?"

सारजा जरा विचारात पडली. "हाक मारायची येळच येत न्हाय. मी समोरच असती."

"मग करूनच टाका की लग्न! रजिस्टर. अर्ध्या दिवसाचं काम."

"तवा दोन्हीकडच्या भावकीनं न्हाय म्हणलं. मग उसाची लागण आली, पोरीची शाळा आली, म्हस व्याली. परत इचारायला सवड कुणाला झाली?" सारजानं पदरानं मान पुसली. "आन् आता पोरीच्या आधी आमी बाशिंग बांधायचं व्हय? काटेवाडीचं नवरदेवाकडचं पाव्हणं वाटंतनंच माघारी जात्याल."

दत्तोबानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. आबाजीनं सकाळी दिला होता. पत्रिका अशीच छापायची, ह्यात काना-मात्रेचा बदल नको, असं बजावून.

राजलक्ष्मी मोठ्यानं वाचायला लागली. वर कुलदैवत खंडोबा. मग नवरदेव राजवर्धन. मग दत्तोबा व कैलासवासी द्वारकाबाई यांची कन्या छकुली. निमंत्रक आबाजी. खाली भावकीची पंचवीस-तीस नावं. अगदी तळाला व्यवस्थापक. त्यात मंडप, सोपान. आचारी, रतन. भांडीकुंडी व कोठी, सारजाबाई.

एवढं वाचून राजलक्ष्मी थांबली.

"द्वारकाबाईचं जागेवर हाय न्हवं?" सारजा म्हणाली. "ते तसंच ऱ्हाऊ दे. पोरगी तिच्या पोटची."

तेवढंच बोलली, पण आतून ती पार मोडली होती. छकुलीची वेणी घातली तिनं, पहाटे पाचला उठून डबा केला तिनं, इंदापूरच्या कॉलेजात अकरावीच्या प्रवेशासाठी उन्हात रांगेला उभी राहिली ती. आणि आज तिची जागा आचाऱ्याच्या खाली, भांड्यांपाशी. बरं, भांडायचं तरी कुणाशी? भांडायला सुद्धा नातं लागतं.

"काढून टाक बाई," ती म्हणाली. "माझं नावच काढ. लई दमले मी आता. नाव नसलं म्हणून पोरगी मला वळखायची थोडीच ऱ्हाणार हाय?"

राजलक्ष्मीनं दत्तोबाकडं पाहिलं. मागच्या दोन्ही खेपांना तो 'तुमचं तुमी बघा' म्हणून बाहेर चहाला निघून गेला होता. आजही जाईल, असं सारजाला वाटलं. तो उठला खरा, पण दाराकडं गेला नाही. कॉम्प्युटरच्या काचेवर आपलं नाव कुठं आहे ते त्यानं शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"हेबी काढ."

"काका, हे तुमचं नाव आहे."

"मला वाचाया येतंय. काढ. आबाजीचं हाय तेवढं बास झालं."

सारजा ताडकन उठली. सोळा वर्षांत ती त्याच्यावर चारचौघांत कधी ओरडली नव्हती, आज ओरडली. "येड लागलं का तुमाला? पोरीच्या पत्रिकेत बापाचं नाव न्हाय? लोकं काय म्हणत्याल?"

दत्तोबानं बोट काढलं नाही.

"म्हणू दे. सोळा वर्षं तुला जे म्हणत्यात, त्येच मला म्हणत्याल."