हिरवी चौकट

“आता पुन्हा काय लिहितेयस?” आईने विचारलं. बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर उद्यावर आला होता आणि ऋजुता सगळ्या नोट्स नव्याने उतरवत बसली होती. जुन्यांत खाडाखोड होती. तिला ती बघवेना.

पट्टी, हिरवं पेन, गुलाबी हायलायटर. टेबलाखाली पाय सारखा हलत होता. एक चौकट जराशी वाकडी आली म्हणून तिने अख्खं पान टरकावलं.

शेवटी आईने वही ओढूनच घेतली. “पुरे! अल्डिहाइड ओळखायची टेस्ट कुठली, सांग.”

“सोपंय! उजवं पान, खालची हिरवी चौकट. शेजारी टेस्ट ट्यूब काढलीय.”

“अगं, पण टेस्ट कुठली?”

ऋजुताने डोळे गच्च मिटले. पान लख्ख दिसलं, टेस्ट ट्यूबही दिसली. चौकट तेवढी कोरी होती.