पोफळीची विरी

प्रज्योतने पलंगावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तीन काठ्या ओळीने मांडल्या. आता हा माणूस यांना मातीच्या नमुन्यांसारखे नंबर देणार, असं क्रांतीला वाटलं.

त्याने दिले.

कृषी सहायक म्हणून एकोणीस वर्षं काढलेल्या नवऱ्याकडून तिची वेगळी अपेक्षा नव्हती. लग्नालाही तेवढीच वर्षं झाली होती. अंथरुणात आपल्याला नेमकं काय हवंय हे सांगायला तिला त्यातली साडेअठरा लागली. ऐकून तो हसला नाही, चिडलाही नाही. "वाचून सांगतो," एवढंच म्हणाला. शेतकऱ्याने नवीन बियाण्याचं विचारलं की तो हेच म्हणतो.

चार महिने वाचन चाललं. मग दोघांनी बसून चार पानांवर लिहून ठरवलं, कुठे मारायचं आणि कुठे मुळीच नाही. कणा आणि कमरेच्या दोन्ही बाजू वर्ज्य. ती "पुरे" म्हणाली की हात जिथे असेल तिथे थांबणार. रविवारची दुपार धरली, कारण काशीदमध्ये रविवारी दुपारी पर्यटक सोडले तर कुणी कुणाकडे जात नाही.

"एक नंबर, बांबू," प्रज्योत म्हणाला. "चिरतो. कूस कातडीत मोडलं तर पिकतं. बाद."

"मग आणलात कशाला?"

"तुलनेसाठी. दोन नंबर, कण्हेर. सरळ, गुळगुळीत, दिसायला सगळ्यांत उजवी. पण चीक विषारी. बाद."

"अहो, टेंडर उघडताय का?"

"तीन नंबर, निगडी, म्हणजे निर्गुडी. विष नाही, लवचीक आहे. पेरांवरचे डोळे कानशीने घासलेत, धुऊन पुसलीय." तो जरा घुटमळला. "दोन दिवस स्वतःवर मारून बघितलीय."

त्याने लेंगा गुडघ्याच्या वर ओढून दाखवला. मांडीवर फिकट होत आलेल्या दोन रेघा होत्या. क्रांतीने त्यांवरून बोट फिरवलं. या माणसाने लग्नात हारसुद्धा दोनदा तपासून घातला होता.

तिने गाऊन काढून खुर्चीवर टाकला आणि पालथी झाली. उशीत तोंड घालून वाट पाहू लागली.

बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर मुरूडची एसटी येऊन गेली.

"काय झालं?"

"वास," प्रज्योत म्हणाला. "माझ्यावर मारताना कळला नव्हता. आता तू अशी पडलीस आणि..."

"आणि काय?"

"आमच्या तुळसा आत्याला भगत याच फोकांनी झोडायचा. अंगातलं काढायला म्हणून. घरचेच हातपाय धरायचे. हाच वास यायचा."

क्रांती कोपरावर उठली. "तिला कुणी विचारलं होतं?"

"न्हाय." गावचा शब्द त्याच्या तोंडी आला की गोष्ट खरी असते, हे तिला ठाऊक होतं.

"मला विचारलंत. चार पानं भरून विचारलंत."

"ते बरोबर आहे. पण हात उठत नाही, क्रांती. पुन्हा कधीतरी बघू."

'पुन्हा कधीतरी' हे तिने पोस्टाच्या काउंटरवर बसून रोज दहा जणांना सांगितलेलं होतं. त्याचा अर्थ तिच्याइतका कुणालाच कळत नसेल. आता गाऊन घातला आणि चहा टाकला, तर या जन्मात आपण हा विषय पुन्हा काढणार नाही, हे तिला लख्ख दिसलं.

तिने गाऊन घातला, पण चहा टाकला नाही. निगडी उचलून मागच्या दाराने थेट कुंपणापलीकडे भिरकावली. मागे पोफळीची वाडी होती. एका झाडाखाली सकाळी गळून पडलेली झावळ होती. तिचं बूड, म्हणजे खोडाला कवटाळून असते ती रुंद, चामड्यासारखी विरी, तिने कोयत्याने सोडवली आणि घरात येऊन त्याच्या हातात दिली.

"हिचा वास घ्या."

त्याने घेतला. "काहीच नाही."

"भगताने कधी वापरलेली?"

"हिच्या पत्रावळी करून आम्ही जेवायचो," प्रज्योत म्हणाला. मग त्याच्यातला कृषी सहायक हळूहळू शुद्धीवर आला. त्याने विरी उजेडात धरून बुरशी पाहिली, मुंग्या झटकल्या. कडा हाताला लागतात म्हणून कात्रीने गोल कापल्या. सुकी तडकेल म्हणून ओल्या फडक्याने पुसून थोडा वेळ ठेवली. शेवटी स्वतःच्या मांडीवर एक मारून बघितली.

"आवाज फार, लागत कमी," त्याने निष्कर्ष सांगितला.

"आमच्या पोस्टमास्तरांसारखी. मारा."

गाऊन पुन्हा खुर्चीवर टाकून ती पालथी झाली. पहिले दोन तिला जेमतेम कळले.

"अहो, गादी झटकताय का?"

तिसऱ्याचा आवाज खोलीभर झाला. क्रांतीच्या पाठीतून खालपर्यंत ऊब पसरत गेली आणि एवढी वर्षं आवळून धरलेले खांदे आपोआप सैल पडले.

"ठीक आहे ना? पुरे का?"

"पुरे मी म्हणायचं ठरलंय. तुम्ही नाही."

तेवढ्यात वाडीतून घरमालकीण भागुबाईची हाक आली. "क्रांते! विरी पडली काय गो? वारा तर न्हाय कुठं!"

प्रज्योतचा हात वरच राहिला. चेहरा चौकशी समिती दारात आल्यासारखा झाला. तो विरी खाली ठेवायला वाकला, तेव्हा क्रांतीने न बघताच हात मागे नेऊन त्याचं मनगट धरलं.

"व्हय, काकी!" ती खिडकीच्या दिशेने ओरडली. "एकच पडलीय! अजून दहाएक पडतील!"