सूचीची कमांड

ट्यूनिसमधल्या आमच्या ऑफिसात रिहाब नवीन आली. बंदरातल्या मालाचं सॉफ्टवेअर आपण एकट्यानं लिहिलं, असं आमचा जुना प्रोग्रॅमर लासाद सगळ्यांना सांगायचा. तरी त्यातलं एखादं फंक्शन शोधताना त्याची कॉफी गार व्हायची. रिहाब मात्र आल्या आल्याच नेमकी फाइल उघडायला लागली. लासादच्या मनात पाल चुकचुकली.

"हिला कुणीतरी पेरलंय. आपला कोड हिनं आधीच कुठूनतरी मिळवलाय," तो मालकांच्या, सी हेदींच्या ('सी' म्हणजे इथलं 'श्रीयुत'), कानाशी लागला.

सी हेदींनी रिहाबला बोलावून विचारलं.

"त्यात काय, साहेब? टर्मिनलवर एक कमांड टाकायची. कुठलं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये लिहिलंय, याची ती सूची करून देते. मग एडिटरमध्ये नावावर कळ दाबली की थेट तिथेच पोचतो आपण."

सी हेदी हसले. "लासाद, संशय घेण्यापेक्षा शिकून घे जरा!"

लासादला ते झोंबलं. रिहाब जेवायला गेल्यावर त्यानं तिचा कॉम्प्युटर उघडून पाहिला. सूची नव्हतीच. ती कमांडही कधी टाकलेली नव्हती. रिहाब परत येताच तो सगळ्यांसमोर गरजला, "खोटारडी! सूची केलीच नाहीस तू. मग आमचा कोड तुला पाठ कसा?"

रिहाबनं पर्स शांतपणे खुर्चीला अडकवली.


"कारण माझ्या जुन्या ऑफिसात तो मीच लिहिला होता, सी लासाद. तिथून इथे कोणी आणला, तेवढंच बघायला आले होते."